एक उंबर, एक वही, एक वर्ष: मुंबईत राहून इकॉलॉजी शिकायची कशी

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून अकरावी सायन्सला आलेल्या मुलांचं इकॉलॉजीशी, म्हणजे सजीव आणि त्यांचा परिसर यांच्यातल्या नात्यांच्या अभ्यासाशी, पहिलं भांडण शब्दांवरून होतं. 'परिसंस्था' ओळखीची असते, 'अन्नसाखळी' तर लहानपणापासून पाठ असते, आणि अचानक समोर निश, कम्युनिटी, डेट्रिटस, एंडेमिक असे शब्द येऊन उभे राहतात. मग व्याख्यांची घोकंपट्टी सुरू होते. त्यात ही प्रकरणं पुस्तकाच्या शेवटी. त्यामुळे ती 'वाचून होतील'च्या यादीत जातात आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उघडतात.

मी पूर्व उपनगरात ज्युनिअर कॉलेजच्या मुलांना बायोलॉजी शिकवते. इतक्या वर्षांत एक गोष्ट मला पक्की कळली आहे. ज्या मुलांनी एखादी जागा वर्षभर पाहिली, त्यांना हा भाग पुन्हा पाठ करावा लागत नाही. म्हणून हा लेख जागेपासून सुरू होतो. व्याख्या वाटेत भेटतील तशा घेऊ.

पहिली पायरी: जागा ठरवा

जागा घरापासून किंवा कॉलेजपासून चालत पंधरा मिनिटांच्या आत हवी. राष्ट्रीय उद्यान, भांडुप पंपिंग स्टेशनचा परिसर, आरे ही ठिकाणं सुंदर आहेत, पण क्लास, प्रॅक्टिकल आणि लोकलची गर्दी सांभाळून तुम्ही तिथे वर्षात तीनदा जाल. आपल्याला तेवीस-चोवीस भेटी हव्यात, म्हणजे दर पंधरवड्याला एक. सोसायटीमागचा उंबर चालेल, मैदानाच्या कडेचा पर्जन्यवृक्ष चालेल, तलावाचा एक काठ चालेल. किनाऱ्याजवळ राहत असाल तर खडकाळ किनाऱ्याचा एक तुकडा घ्या.

मला कोणी सल्ला विचारला तर मी उंबर सांगते. का ते पुढे येईलच.

दुसरी पायरी: वही

शंभर पानी साधी वही पुरे. प्रत्येक भेटीला वर तारीख, वेळ, ऊन-पाऊस-ढग, आणि तिथी लिहा. तिथी पाहून मुलं चकित होतात, पण मुंबईत ती अभ्यासाची गोष्ट आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास समुद्राला उधाण असतं, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी. उधाणाच्या दिवसांत मुंबईत भरती दुपारी बारा-एकच्या सुमारास आणि मध्यरात्री येते, म्हणजे ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहा-सातला. ही वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. कोळीवाड्यात हे गणित सगळ्यांना तोंडपाठ असतं.

वहीत दोन रकाने करा. डावीकडे फक्त दिसलं ते: 'काळी मुंगी, खोडावर, वरून खाली, तोंडात पांढरं काहीतरी.' उजवीकडे वाटलं ते: 'अंडी हलवत असतील?' हे दोन रकाने कधीही मिसळू देऊ नका. निरीक्षण आणि अनुमान वेगळं ठेवणं ही विज्ञानातली सगळ्यात अवघड सवय आहे. ती या वयात लागली तर पुढे कुठल्याही शाखेत उपयोगी पडते.

नाव माहीत नसेल तर अडून बसू नका. 'पिवळ्या पोटाचा, चिमणीहून लहान' एवढं लिहा, चित्र काढा. आयनॅचरलिस्ट ॲपवर फोटो टाकला तर जाणकार लोक ओळख पटवून देतात. पण ॲपने सुचवलेलं पहिलंच नाव खरं मानू नका. दुसऱ्या कुणीतरी दुजोरा देईपर्यंत ते वहीत पेन्सिलीनेच असू द्या.

तिसरी पायरी: नाती शोधा

आता उंबर. मराठीत क्वचित भेटणाऱ्या माणसाला आपण 'उंबराचं फूल' म्हणतो, कारण ते कुणाला दिसत नाही. खरं म्हणजे ते रोज समोर असतं. ज्याला आपण उंबराचं फळ म्हणतो ती एक बंद पिशवी आहे आणि तिच्या आतल्या भिंतीवर शेकडो बारीक फुलं असतात. पिशवीच्या टोकाला इवलंसं भोक असतं. त्यातून मुंगीपेक्षाही लहान अशी एक मादी वास्प (गांधीलमाशीच्या जातकुळीतला कीटक) आत शिरते. शिरताना तिचे पंख बहुतेक तुटतात. दुसऱ्या उंबरावरून आणलेले परागकण ती फुलांवर टाकते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. काही आठवड्यांनी पिल्लं मोठी होतात. बिनपंखी नर आतल्या आतच माद्यांशी मीलन करतात आणि बाहेर पडायला वाट कोरून देतात. माद्या नवे परागकण घेऊन उडून जातात. वास्पशिवाय उंबराला बी नाही आणि उंबराशिवाय वास्पला घर नाही. पुस्तकातला म्युच्युअॅलिझम तो हाच, दोघांचाही फायदा. 'उंबर फोडून केंबरं काढू नयेत' असं जुनी माणसं म्हणतात. अभ्यासासाठी मात्र झाडाखाली पडलेलं एक उंबर फोडा आणि भिंगातून पाहा. ती केंबरं म्हणजेच हे कीटक.

उंबराला वर्षातून अनेकदा फळं धरतात, इतर झाडं रिकामी असतानाही. म्हणून त्याच्यावर सतत कुणी ना कुणी असतं. मुंबईचा शहरपक्षी म्हणून २०११ मध्ये ज्याची निवड झाली तो तांबट इथे हमखास दिसेल. त्याचा टुक्-टुक् आवाज भर दुपारीही थांबत नाही. बुलबुल आणि कोकीळ येतात, संध्याकाळनंतर वटवाघळं येतात, नशीब असेल तर धनेशही. एक झाड गेलं तर एवढ्या सगळ्यांचं ताट जातं. ज्या जातीच्या जाण्याने तिच्या संख्येच्या मानाने फार मोठा परिणाम होतो तिला कीस्टोन म्हणतात. पुस्तकातलं तारामाशाचं उदाहरण अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरचं आहे. इकॉलॉजिस्ट रॉबर्ट पेन यांनी एका तुकड्यातून पिसॅस्टर तारामासे काढून टाकले तेव्हा तिथे शिंपल्यांनी बाकीच्यांची जागा बळकावली आणि अनेक जाती नाहीशा झाल्या. ते पाठ करा, कारण विचारतात. पण त्याच्या शेजारी वहीत उंबर लिहा.

बाकीची नातीही इथेच आहेत, लांब जावं लागत नाही. आंब्याच्या फांदीवर वेगळ्याच पानांचा झुबका दिसला तर ते बांडगूळ. आयत्या बिळावर नागोबा! आंब्याने ओढलेलं पाणी आणि क्षार ते घेतं, पण त्याची पानं हिरवी असतात, अन्न ते स्वतः बनवतं. म्हणून ते अर्धपरजीवी. अमरवेलीकडे हिरवं पानच नसतं, ती पूर्ण परजीवी. हा फरक बहुपर्यायी प्रश्नांत मुलांना हमखास गोंधळात टाकतो. बांडगुळाची चिकट बी फुलटोच्या नावाचा छोटासा पक्षी एका फांदीवरून दुसरीवर नेतो, म्हणजे बांडगुळाशी त्याचं नातं आंब्यापेक्षा अगदी वेगळं. एकच वनस्पती, शेजारी बदलला की नातं बदलतं.

कोकिळेची मादी कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते. एप्रिल-मेपासून कावळ्यांची घरटी दिसू लागली की लक्ष ठेवा. कावळे कोकिळाच्या मागे लागलेले दिसतील. आरेतल्या गोठ्यांजवळ म्हशींच्या पायांशी गायबगळे चालत असतात. म्हशींच्या पावलांनी गवतातले किडे उठतात आणि बगळ्यांचं काम सोपं होतं, म्हशीला त्याचा तोटा नाही आणि म्हणण्यासारखा फायदाही नाही. हे सहभोजन, म्हणजेच कमेन्सॅलिझम.

वहीचं एक पान फक्त बाणांसाठी ठेवा. मध्ये झाड, भोवती दिसलेले जीव, आणि ज्याला फायदा त्याच्यापाशी अधिकचं चिन्ह, तोटा तिथे उणे, काहीच नाही तिथे शून्य. दोन महिन्यांत हे पान गिचमीड होईल. त्या गिचमिडीलाच कम्युनिटी म्हणतात, मराठीत जीवसमुदाय. एकाच जातीच्या सगळ्यांना, म्हणजे त्या झाडावरच्या सगळ्या काळ्या मुंग्यांना, पॉप्युलेशन किंवा समष्टी म्हणायचं. आणि निश म्हणजे त्या जिवाचा पत्ता आणि धंदा दोन्ही: कुठे राहतो, काय खातो, केव्हा खातो, कुणाचं अन्न होतो. पत्ता तेवढा सांगितला तर ते नुसतं हॅबिटॅट.

चौथी पायरी: ऊर्जेचा माग काढा, आणि माणसाला चित्राबाहेर ठेवू नका

इथे मी जरा थांबणार आहे, कारण बहुतेक वह्यांत मला इथेच चूक दिसते.

रेमंड लिंडमन यांनी १९४२ मध्ये मांडलेला दहा टक्क्यांचा नियम सगळ्यांना येतो. अन्नसाखळीतल्या एका पायरीवरून, म्हणजे पोषण पातळीवरून, पुढच्या पातळीवर साधारण १० टक्के ऊर्जा जाते, बाकीची श्वसनात आणि उष्णतेत खर्च होते किंवा न खाल्लेली राहते. गवतात १०,००० किलोज्यूल असेल तर हरणात १,०००, बिबट्यात १००. म्हणूनच वरच्या पातळीवर जीव थोडे असतात. आता राष्ट्रीय उद्यानाकडे बघा. क्षेत्र सुमारे १०४ चौरस किलोमीटर, भोवती दाट इमारती, आणि तरी तिथे बिबटे टिकून आहेत. हे कसं? जंगलात चितळ-सांबर आहेतच, पण इथला बिबट्या उद्यानाच्या कडेला येऊन भटके कुत्रेही खातो. कुत्रे कशावर जगतात? आपल्या कचऱ्यावर. म्हणजे कांदिवलीतल्या एखाद्या घरात उरलेली पोळी कचराकुंडीतून कुत्र्यात आणि कुत्र्यातून बिबट्यात जाते. पोळीचा गहू तर मुंबईत पिकतच नाही. उद्यानाचा ऊर्जा-पिरॅमिड काढताना गहू पिकवणारं शेत कुठे काढणार? परिसंस्थेला भिंत नसते, हे वाक्य पुस्तकात असतं. मुंबईत ते कुंडीपाशी उभं राहून दिसतं.

खाडीतही तेच. ठाणे खाडीत साधारण नोव्हेंबरपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, येतात. खाडीचा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेला. छोटा रोहित चोच उलटी करून पाणी गाळतो आणि त्यातलं सूक्ष्म शेवाळ खातो. त्याचा गुलाबी रंग त्याच अन्नातल्या कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांचा. हे शेवाळ नायट्रेट-फॉस्फेटवर वाढतं, आणि खाडीत येणाऱ्या शहराच्या सांडपाण्यात ते भरपूर असतं. थोडं पोषण शेवाळाला वाढवतं. फार झालं की शेवाळ माजतं, मरतं, कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासे गुदमरतात. याला युट्रोफिकेशन म्हणतात. गुलाबी थवा दिसला म्हणजे खाडी निरोगी आहे, असा निष्कर्ष डाव्या रकान्यात लिहू नका.

खाडीकाठी कांदळवन असेल तर आणखी एक गोष्ट समजून घ्या. तिवराची फार थोडी पानं हिरवी असताना खाल्ली जातात. बहुतेक पानं गळून चिखलात पडतात, त्यांच्यावर जिवाणू आणि बुरशी काम करतात, तो कुजका चुरा खेकडे आणि कोळंबी खातात, त्यांना मासे, माशांना बगळे. या मेलेल्या अन्नापासून सुरू होणाऱ्या साखळीला डेट्रिटस साखळी म्हणतात. 'अन्नसाखळी गवतापासून सुरू होते' एवढंच डोक्यात असेल तर कांदळवन समजत नाही. मासळीबाजारातली चिंबोरी आणि निवटी याच साखळीतून आलेली असतात. तिवराच्या पानाची खालची बाजू कोरड्या दिवशी भिंगातून पाहिली तर मिठाचे बारीक कण दिसतात; जास्तीचं मीठ पान बाहेर टाकतं. चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली श्वसनमुळं मोजा, पण त्यांच्यावर पाय देऊ नका. चिखलात उतरायचंच नाही. ऐरोलीला वनविभागाचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथे लाकडी वाटेवरून हे सगळं नीट बघता येतं.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तुमच्या घरात त्या दिवसाच्या आठवणी असतीलच. पाणी जिरवणारा, थोपवणारा मिठी नदीकाठ आणि तिथली कांदळवनं भराव टाकून आक्रसली होती, ही गोष्ट त्यानंतर शहराने गांभीर्याने बोलायला घेतली. 'इकोसिस्टिम सर्व्हिसेस' (परिसंस्थेकडून माणसाला मिळणारे फायदे) या मथळ्याखाली पाच गुणांचं उत्तर लिहाल तेव्हा आजीला त्या दिवशी काय झालं ते विचारून मग लिहा.

म्हणून नियम एकच: बाणांच्या पानावर माणूस काढायचाच. माळी, चहावाला, कचरा उचलणाऱ्या मावशी, कबुतरांना दाणे टाकणारे काका. इकॉलॉजी हा शब्द अर्न्स्ट हेकेल यांनी १८६६ मध्ये वापरात आणला, आणि त्यातल्या ग्रीक शब्दाचा अर्थ 'घर' आहे. घराचं चित्र काढायचं आणि घरातली माणसं वगळायची हे बरोबर नाही.

पाचवी पायरी: मोजा

'इथे खूप विविधता आहे' या वाक्याला विज्ञानात किंमत नाही. सुतळीचा एक मीटर बाय एक मीटर चौकोन करा. हा क्वाड्रॅट. तो कुठे टाकायचा हे डोळ्यांनी ठरवू नका, नाहीतर हात आपोआप फुलं असलेल्या जागी जातो. आधी चिठ्ठ्या टाकून 'भिंतीपासून ७ पावलं, डावीकडे ३' असे आकडे काढा आणि तिथेच चौकोन ठेवा, जागा कितीही कंटाळवाणी असली तरी.

समजा पावसाळ्यात मैदानाच्या कडेला दोन चौकोन मोजले. पहिल्यात टाकळा ५, केना ५, आघाडा ५, दगडीपाला ५. दुसऱ्यात टाकळा १७ आणि बाकीचे तिघे एकेक. दोन्हीकडे रोपं २०, जाती ४. तरी पहिला चौकोन जास्त विविध वाटतो, आणि ते वाटणं आकड्यात मांडता येतं. प्रत्येक जातीचा वाटा काढा, त्याचा वर्ग करा, सगळे वर्ग मिळवा आणि १ मधून वजा करा. पहिल्यात प्रत्येकाचा वाटा ०.२५, वर्गांची बेरीज ०.२५, उत्तर ०.७५. दुसऱ्यात ०.८५ चा वर्ग ०.७२२५, अधिक तीन वेळा ०.००२५, बेरीज ०.७३, उत्तर ०.२७. हा सिम्प्सनचा निर्देशांक. जातींची संख्या म्हणजे रिचनेस आणि त्यांच्यातली समान वाटणी म्हणजे ईव्हननेस, हा फरक एवढं एक गणित केलं की कायमचा बसतो.

शक्य असेल तर दुसऱ्या उपनगरातल्या मित्राच्या वहीशी ताडून पाहा. एका जागेतली विविधता अल्फा, दोन जागांमधला जातींचा फरक बीटा, अख्ख्या मुंबईची मिळून गॅमा.

सहावी पायरी: एकदा तरी खडकाळ किनारा

गिरगाव चौपाटी, हाजी अली, बँडस्टँड, कार्टर रोड: या खडकांवर ओहोटीला जे दिसतं ते पाहून मुलांचे चेहरे बदलतात. वरच्या पट्ट्यात बारीक गोगलगाई, मग खडकाला घट्ट चिकटलेले कवचवाले बार्नॅकल आणि कालवं, खाली पाण्याच्या खळग्यांत समुद्रफुलं, शंखात राहणारे खेकडे. प्रत्येक पट्टा वेगळा का? वरच्या पट्ट्यात कोण राहणार हे किती तास कोरडं राहणं सोसतं यावर ठरतं, खालच्या पट्ट्यात जागेसाठी भांडून कोण टिकतं यावर. हाजी अली-वरळीच्या खडकांवर प्रवाळही आहेत. कोस्टल रोडच्या कामावेळी त्यांतल्या काही वसाहती दुसरीकडे हलवाव्या लागल्या.

माझ्या पहिल्या भेटीत मी ओहोटीची वेळ बघितली आणि त्याच वेळेला मुलांना बोलावलं. खडकावर उतरेपर्यंत पाणी फिरलं होतं, आणि बारा मुलांना दहा मिनिटांत वर आणताना माझा जीव खालीवर झाला. तेव्हापासून मी दीड तास आधी पोचते आणि ओहोटीची वेळ झाली की परत फिरते. पट्ट्याचे बूट घाला, एकटे जाऊ नका, पावसाळ्यात जाऊच नका. दगड उलटवला तर होता तसा परत ठेवा. निमुळत्या, नक्षीदार शंखाची कोन गोगलगाय विषारी असते, म्हणून जिवंत शंख हातात घ्यायचा नाही.

उरलेलं, थोडक्यात

जैवविविधतेच्या तीन पातळ्या लक्षात ठेवायला हापूस, पायरी आणि रायवळ पुरे: जात एकच, जनुकं वेगळी. आंबा, उंबर, तिवर ही जातींची विविधता. खाडी, खडक, जंगल, तलाव ही परिसंस्थांची, आणि ती तुम्हाला एका लोकलच्या पासात मिळते.

हॉटस्पॉट ही कल्पना नॉर्मन मायर्स यांची, १९८८ ची. किमान १,५०० प्रदेशनिष्ठ (एंडेमिक, म्हणजे फक्त त्याच भागात सापडणाऱ्या) वाहिनीवंत वनस्पती आणि मूळ अधिवासातला किमान ७० टक्के गेलेला, या दोन्ही अटी हव्यात. मुलं दुसरी अट विसरतात. नुसतं समृद्ध असून हॉटस्पॉट होत नाही, धोक्यात असावं लागतं. आपला पश्चिम घाट त्यात आहे. त्याचीच कारवी राष्ट्रीय उद्यानातही वाढते. कैक वर्षांतून एकदाच फुलते आणि मग मरते. इथे ती २०१६ मध्ये आणि नंतर २०२४ मध्ये फुलली. एंडेमिक जातींसाठी आणि नव्या जातींसाठीही लांब बघायला नको: लायकास आरेएन्सिस ही विंचवाची जात २०१० मध्ये आरेच्या नावाने जगासमोर आली.

परक्या आक्रमक जातींसाठी पवईची जलपर्णी आणि रस्त्याकडेची घाणेरी पाहा. मात्र सगळंच परकं आक्रमक नसतं. गुलमोहर मादागास्करचा आहे, पण जंगल गिळत सुटलेला नाही. सक्सेशनसाठी, म्हणजे एका जागेचा जीवसमुदाय हळूहळू बदलत जाणं पाहायला, सायन-धारावीजवळचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान. तिथे पूर्वी कचराभूमी होती. झाडं लावली, १९९४ मध्ये ते लोकांसाठी उघडलं, आणि आज तिथल्या सावलीत उभं राहिलं तर खाली कचरा आहे हे पटत नाही. बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) ही १८८३ मध्ये स्थापन झालेली संस्था फोर्टला आहे, तिच्या निसर्गफेऱ्यांची माहिती काढा.

पहिली भेट कधी? पंचांगात पुढची पौर्णिमा किंवा अमावास्या पाहा आणि त्यानंतरचा पहिला रविवार धरा. उंबर निवडला असेल तर पहाटेच जा. आधी वीस मिनिटं काहीही न लिहिता नुसते उभे राहा, कारण तुम्ही आल्यावर गप्प झालेले पक्षी तेवढ्या वेळाने पुन्हा बोलायला लागतात.